रगडा, कोत, बडा खाना: फौजेत चाललेल्या पोरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

पोरगा ट्रेनिंगला गेला की पहिल्या महिन्यात घरी येणारा फोन दोन-चार मिनिटांचा असतो आणि त्यातले निम्मे शब्द माय-बापाला कळत नाहीत. "आज रगडा लागला." "रात्री क्वार्टर गार्डला आहो." "एमआय रूमला गेलतो, अटेंड सी भेटलं." फोन ठेवला की घरात काळजी सुरू. रगडा म्हणजे मारलं का? गार्ड म्हणजे कोंडलं का? मग कोणीतरी शेजारच्या गावातल्या रिटायर फौजीकडे जाऊन विचारून येतं.

विदर्भातून दरवर्षी पोरं निघतात. कुणी घरापासून दोन तासांवरच्या कामठीला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या सेंटरला. कुणी सागरला महार रेजिमेंटमध्ये, कुणी बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीत, कुणी नाशिक रोडला तोफखान्यात, कुणी खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये. सोळाशे मीटर मारायची तयारी सगळे करतात. गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पहाटे चारला पोट्टे पळताना दिसतात, नऊ फुटांचा खड्डा स्वतः खोदतात, बीमसाठी दोन बल्ल्या रोवून वर पाइप बांधतात. पण सेंटरला पोचल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत जे पोरगं मागे पडतं, ते बहुतेक वेळा पळण्यात कमी नसतं. काय करायला सांगितलं ते समजायला त्याला दोन सेकंद जास्त लागतात, आणि त्या दोन सेकंदांची किंमत अख्ख्या टोळीला मोजावी लागते. म्हणून ही बोली घरूनच शिकून जावी, असं मला मनापासून वाटतं.

कोणाला काय म्हणायचं

गावात आपण कोणत्याही फौजीला "मेजर" म्हणतो. सेंटरच्या गेटच्या आत हा शब्द विसरायचा. तिथे मेजर हा मोठा अधिकारी असतो.

शिकवणारा लान्स नायक, नायक किंवा हवालदार असतो. त्याला म्हणायचं "उस्ताद". सर नाही, भाऊ नाही, दादा तर नाहीच. त्याच्या बाहीवरच्या इंग्रजी व्हीसारख्या फिती मोजायच्या: एक असेल तर लान्स नायक, दोन असतील तर नायक, तीन असतील तर हवालदार. त्याच्या वरचे नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर म्हणजे जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर), यांना "साहब". त्यांच्या वर अधिकारी, त्यांनाही "साहब" किंवा "सर".

खरा घोळ खांद्यावर होतो. सुभेदाराच्या खांद्यावर दोन तारे असतात आणि लेफ्टनंटच्या खांद्यावरही दोनच. सुभेदार मेजरच्या खांद्यावर अशोकस्तंभ असतो, मेजरच्या खांद्यावरही. फरक एवढाच की जेसीओच्या खांद्यावर ताऱ्यासोबत लाल-पिवळ्या रंगाची आडवी पट्टी असते. आधी पट्टी बघायची, मग तारे मोजायचे. नवीन पोरं उलट करतात. सुभेदार मेजर हा पलटणीतल्या सगळ्या जेसीओ आणि जवानांमधला सगळ्यात ज्येष्ठ माणूस, पलटणीतल्या घरच्या-दारच्या सगळ्या गोष्टी त्याच्या कानावर असतात. सीओ साहब, म्हणजे पलटणीचे कमांडिंग ऑफिसर, तेसुद्धा त्याचं म्हणणं लक्ष देऊन ऐकतात.

शिपायाचं नावही सगळीकडे एक नाही. गार्ड्समध्ये तो गार्ड्समन, ग्रेनेडियर्समध्ये ग्रेनेडियर, रायफल रेजिमेंटमध्ये रायफलमन, तोफखान्यात गनर, इंजिनिअर्समध्ये सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, गाड्या-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या ईएमईत क्राफ्ट्समन, रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये सवार. रणगाडेवाल्यांत हवालदाराला दफादार आणि सुभेदाराला रिसालदार म्हणतात, कारण त्यांचा वारसा घोडदळाचा. ट्रेनिंग संपेपर्यंत मात्र सगळे एकच: "रंगरूट".

आणि नाव? एका प्लाटूनमध्ये तीन राठोड, दोन मेश्राम, दोन राऊत सहज निघतात. मग हाक आडनाव आणि आर्मी नंबरचे शेवटचे आकडे मिळून येते. आपला नंबर झोपेतून उठवलं तरी हिंदीत सांगता आला पाहिजे. आपल्या पोरांची अडचण इथे होते, कारण मराठीत "एकोणसाठ" म्हणायची सवय आणि तिथे "उनसठ". उनतीस, उनचास, उनसठ, उनहत्तर, उन्नासी, नवासी हे आकडे आधीच घोटून जा.

"कोई शक?"

परेडच्या मैदानावर हुकूम हिंदीत असतात. सावधान, विश्राम शाळेत ऐकलेले असतात, त्यामुळे पोरं गाफील राहतात. प्रत्येक हुकमाचे दोन भाग असतात. "दाहिने" हा इशारा, "मुड़" ही कारवाई. "दाहिने" ऐकल्याबरोबर जो वळतो तो चुकला. दोन शब्दांच्या मधे उस्ताद मुद्दाम थांबतो, आणि त्या थांबण्यातच कच्चा कोण ते त्याला दिसतं. "जैसे थे" ऐकलं की आत्ता केलेली हालचाल रद्द, आधीच्या अवस्थेत परत. शिवी पडली असं समजून पोरं जागेवर गोंधळतात. तसं काही नसतं, हुकूम मागे घेतलेला असतो एवढंच.

ही मापं घरी अंगणात बसवून घेता येतात. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या, पंजे ३० अंशांत उघडे, मुठी बंद आणि अंगठा पुढे, पॅंटच्या शिवणीला लागून. विश्रामला डावा पाय १२ इंच बाजूला. तेज चल म्हणजे मिनिटाला १२० पावलं, एक पाऊल ३० इंच. धीरे चल ७० पावलं, दौड़ चल १८०. पहिलं पाऊल नेहमी डावं. मोबाइलवर मेट्रोनोम १२० ला लावून गावच्या शाळेच्या पटांगणात आठवडाभर रोज पंधरा मिनिटं चाललं तरी लय अंगात मुरते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे जाणं. रोजच्या चालण्यात हे कधी होत नाही, कारण तेव्हा आपण विचार करत नाही. परेडमध्ये पोरगं हाताकडे लक्ष देतं, खांदे आवळतं आणि हात पायाला चिकटतो. यावर उपाय असा: हात मोकळे सोडून दहा-बारा पावलं साधं चालायचं, हात आपोआप विरुद्ध पायाबरोबर आले की मग हळूहळू ते उंच न्यायचे. हातापासून सुरुवात केली तर ही चूक महिनाभर जात नाही.

शिकवण्याची पद्धतही ठरलेली. उस्ताद आधी नमुना दाखवतो, मग बयानासह नमुना, मग गिनतीने करून घेतो. शेवटी विचारतो, "कोई शक?" आणि सगळे ओरडतात, "नहीं उस्ताद!" ज्याला खरंच शंका आहे त्याने तेव्हाच हात वर करावा. शक विचारणाऱ्याला बोलणी बसत नाहीत, "नहीं" म्हणून नंतर चुकणाऱ्याला बसतात. आपल्याकडची पोरं लाजतात, हिंदी चुकेल म्हणून गप्प राहतात. तोडकी-मोडकी हिंदी फौजेत चालते. तिथे तमिळ, नागा, गढवाली, पंजाबी सगळ्यांचीच हिंदी आपापल्या गावची असते.

एक शब्द जपून ऐका: "शिस्त". आपल्यासाठी शिस्त म्हणजे वागण्यातली. रायफलवर "शिस्त लो" म्हटलं की नेम धरायचा. आणि आपली "शिक्षा" तिथे "सज़ा" होते, कारण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण.

कोत, चिंदी आणि खोखा

हत्यारं ठेवायच्या खोलीला "कोत" म्हणतात. तिथला हवालदार किंवा नायक म्हणजे कोत एनसीओ (फितीवाल्यांना मिळून एनसीओ म्हणतात). तिथून रायफल काढताना रजिस्टरवर सही असते आणि रायफलचा बट नंबर, म्हणजे तिच्या दस्त्यावरचा नंबर, नोंदलेला असतो. रायफलला "बंदूक" म्हणायचं नाही. रायफल किंवा हत्यार. आपला बट नंबर आर्मी नंबरासारखाच पाठ हवा, कारण अंधारात ओळीने लावलेल्या चाळीस रायफलींमधून आपली उचलायची असते, आणि दुसऱ्याची उचलली तर दोघांचंही नाव जातं.

साफसफाईच्या बोलीत दोन शब्द आधी येतात: "चिंदी" आणि "फुलथ्रू". चिंदी म्हणजे फ्लॅनेलचा तुकडा, फुलथ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी. एनसीसी केलेल्यांना मापं आठवत असतील: नळी पुसायला ४ बाय २ इंचांची चिंदी, तेल लावायला ४ बाय दीड इंचाची. तेलाची चिंदी अरुंद ठेवतात, कारण जाड चिंदी नळीतून जाताना सगळं तेल पिळून काढते आणि नळीत काहीच राहत नाही. वजन चेंबरच्या बाजूने आत सोडायचं, तोंडाकडून बाहेर आलं की दोरी हाताला गुंडाळून एका दमात ओढायची. मधे थांबलं की चिंदी गोळा होऊन अडकते. ओढताना दोरी नळीच्या तोंडाच्या कडेला घासू द्यायची नाही, सरळ रेषेत ओढायची. रोज घासून घासून तिथे चर पडतो आणि गोळीचा नेम बिघडतो. दोघांनी मिळून केलं तर हे सोपं: एक रायफल धरतो, दुसरा ओढतो. जिथे नळी साफ करायला रॉड मिळतो तिथेही नियम तोच, एका दिशेने, एका दमात, कडेला न घासता.

रेंजवर म्हणजे फायरिंगच्या मैदानावर शब्द बदलतात. टारगेटमागचा मातीचा उंच बांध म्हणजे "बट", तिथे टारगेट वर-खाली करणारे ते "बट पार्टी". पहिल्यांदा गोळ्या एका ठिकाणी पडतात का ते बघतात, त्याला "ग्रुपिंग". ग्रुप लहान असेल पण मधोमध नसेल तर घाबरायचं कारण नाही. तुमची पकड बरोबर आहे, रायफल "झीरो" करायची, म्हणजे तिचा नेम जुळवायचा राहिला आहे. ग्रुप विखुरलेला असेल तर मात्र चूक तुमच्या श्वासात किंवा ट्रिगरवरच्या बोटात आहे. गोळी टारगेटलाच लागली नाही तर "वॉशआउट".

उडालेल्या गोळीचं रिकामं पितळ म्हणजे "खोखा". जेवढे राउंड म्हणजे गोळ्या दिल्या तेवढे खोखे परत मोजून द्यावे लागतात. एक खोखा कमी पडला तर अख्खी डिटेल, म्हणजे एका वेळी फायर करणारी टोळी, गुडघ्यांवर गवतात शोधत बसते, मग दुपारची जेवणाची वेळ निघून गेली तरी. फायरिंग झाल्यावर प्रत्येकाला जिवंत राउंड किंवा खोखा आपल्याजवळ नाही असं तोंडाने सांगावं लागतं. घरी आठवण म्हणून एखादा खोखा खिशात टाकून आणायचा विचारही मनात आणू नका. गावात तो टीव्हीशेजारी शोभून दिसेल, फौजेत तो गुन्हा आहे.

रगडा आणि पेशी

आता घरच्यांना सगळ्यात जास्त घाबरवणारा शब्द. रगडा म्हणजे मैदानावरची ज्यादा मेहनत: फ्रंट रोल, कोपरांवर रांगणं, पिट्ठू म्हणजे पाठीवरची भरलेली बॅग घेऊन डबल मारणं, म्हणजे पळणं. एकाने बेल्ट घासला नाही तर सगळ्या सेक्शनला रगडा. पोरांना यात अन्याय वाटतो. हे मुद्दाम असतं. पुढे पोस्टवर एकाची चूक दहा जणांच्या जिवावर येते, त्याची सवय इथून लावतात. रगड्याची कुठे नोंद होत नाही. संध्याकाळी तो संपला की संपला, उस्तादही दुसऱ्या दिवशी त्यावर बोलत नाही. हात उचलणं, मारणं मात्र रगड्यात येत नाही. ते नियमाबाहेर आहे आणि तसं झालं तर कंपनीच्या साहबांना सांगायची वाट मोकळी असते.

"पेशी" ही वेगळी गोष्ट. कंपनी कमांडर किंवा सीओसमोर उभं करतात, आत नेण्याआधी टोपी आणि बेल्ट काढून घेतात. तिथे मिळालेली शिक्षा कागदावर जाते, आणि "रेड इंक एंट्री" पडली तर ती पुढच्या प्रमोशनला आडवी येते. चार वर्षांच्या अग्निवीरासाठी तर एकेक नोंद मोलाची, कारण शेवटी २५ टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. म्हणून फोनवर "रगडा लागला" म्हणाला तर हसून सोडा. "पेशी झाली" म्हणाला तर नीट विचारून घ्या.

तिसरा शब्द "रेलिगेट". टेस्टमध्ये नापास झाला किंवा दुखण्याने दिवस बुडाले की पोराला पुढच्या बॅचमध्ये ढकलतात. याचं मोठं कारण म्हणजे नडगीचं दुखणं. डांबरी रस्त्यावर, तळ झिजलेल्या बुटांत वर्षभर पळालेली पोरं आधीच नडगी दुखवून आलेली असतात. सेंटरला जड बूट, पिट्ठू आणि रोजची परेड सुरू झाली की हाडाला बारीक चीर जाते. पोरगं मागे पडायच्या भीतीने दुखणं लपवतं आणि दोन आठवड्यांनी चालताही येत नाही. लपवू नये. सकाळी "सिक रिपोर्ट" म्हणून नाव द्यायचं, एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, डॉक्टर बघतो. "अटेंड सी" लिहिलं म्हणजे पूर्ण आराम, "अटेंड बी" म्हणजे औषध घेऊन हलकं काम, काही गोष्टींची सूट. तीन दिवसांची अटेंड सी आज घेतली तर पुढचे सहा आठवडे वाचतात. आणि जे अजून भरतीच्या तयारीत आहेत त्यांनी पळायला धुऱ्याशेजारची पांदण किंवा शाळेचं मातीचं ग्राउंड धरावं. डांबर फक्त टायमिंग बघायच्या दिवशी.

संत्रीसमोर

क्वार्टर गार्ड ही युनिटची मानाची जागा. निशाण, खजिना, हत्यारं यांचा पहारा तिथून चालतो. तिथे कैदेची कोठडीही असते, म्हणून गैरसमज होतो. पोरगा "क्वार्टर गार्डला आहो" म्हणाला म्हणजे तो पहाऱ्याला उभा आहे.

रात्री संत्री ओरडतो, "थम! कौन आता है?" जागच्या जागी थांबायचं, हात दिसतील असे ठेवायचे, उत्तर द्यायचं "दोस्त". मग तो "पहचान के लिए आगे बढ़" म्हणेल, तेव्हाच पुढे जायचं, आणि पासवर्ड हळू आवाजात सांगायचा. चार जण असले तरी एकेकानेच जायचं. बराकीतून बाथरूमला धावत जाणारं नवं पोरगं थांबत नाही, ओळखीचा संत्री आहे म्हणून हसत पुढे जातं, इथे चूक होते. अंधारात ओळख चालत नाही.

सूर्यास्ताला "रिट्रीट"चा बिगुल वाजतो, झेंडा उतरतो. त्या वेळी उघड्यावर असलेला प्रत्येक जण जिथे आहे तिथे सावधान उभा राहतो. सायकलवर असेल तर उतरतो. डोक्यावर टोपी नसेल तर आर्मीत हाताने सॅल्यूट करत नाहीत, सावधान होऊन "जय हिंद" म्हणतात. सॅल्यूटचा तळहातही तिन्ही दलांत वेगळा: आर्मीचा समोर उघडा, नेव्हीचा जमिनीकडे, एअरफोर्सचा मधे, ४५ अंशांत.

लंगर

जेवणाची जागा लंगर, करणारा लांगरी. आपल्याकडच्या पोरांना पहिले काही दिवस तिखट कमी वाटतं, पोळी जाड वाटते, ठेच्याची आठवण येते. लवकर जेवायला शिका, ताटात टाकायचं नाही. फील्डवर शक्करपारे देतात, ते टिकतात, खिशात राहतात आणि चालता चालता खाता येतात.

"बडा खाना" हा पलटणीचा सण. रेजिंग डे म्हणजे पलटणीचा स्थापना दिवस, दसरा, मोठी कामगिरी अशा प्रसंगी अधिकारी, जेसीओ आणि जवान एकत्र जेवतात. त्या रात्री साहब जवानाच्या ताटात वाढतो, शेजारी बसून घरची विचारपूस करतो. तेव्हा पोरं अंग चोरतात, "सब ठीक है साहब" म्हणून मोकळी होतात. बापाच्या शेताचं, बहिणीच्या शिक्षणाचं खरं सांगावं. ज्याला आपला माणूस माहीत आहे तोच अडचणीत त्याच्या मागे उभा राहू शकतो, आणि ही रात्र त्यासाठीच ठेवलेली असते. कामाच्या अडचणी सांगायला "सैनिक सम्मेलन" असतं, बडा खान्यात त्या काढू नयेत.

टोपणनावं

मराठा लाईट इन्फंट्रीच्या जवानाला अख्खी फौज "गणपत" म्हणते. मद्रास रेजिमेंटचा जवान "थंबी". ही नावं प्रेमाने घेतली जातात आणि तशीच ऐकावीत. पलटणींनाही नावं असतात: मराठ्यांची पहिली बटालियन १७६८ ची, तिला "जंगी पलटन" म्हणतात, दुसरीला "काली पाँचवीं". महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली, मशीनगन चालवणारी रेजिमेंट म्हणून तिची ओळख होती आणि तिच्या बॅजवर आजही एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आहेत. या रेजिमेंटचं ब्रीद "यश सिद्धी", आणि मेजर रामास्वामी परमेश्वरन यांचं १९८७ चं परमवीर चक्र तिच्याच आठव्या बटालियनचं. गार्ड्सचं ब्रीद "पहला हमेशा पहला", त्यांची युद्धघोषणा "गरुड का हूँ बोल प्यारे". १९७१ मध्ये गंगासागरला लढलेले लान्स नायक अल्बर्ट एक्का त्यांच्याच चौदाव्या बटालियनचे. कामठीला जाणाऱ्या पोराने हे नाव गेटच्या आत पाय टाकण्याआधी माहीत करून घ्यावं.

स्वतःचं टोपणनाव स्वतः ठेवायचं नसतं. ते मिळतं, बहुतेक वेळा एखाद्या सवयीवरून. चिडलात तर ते कायमचं चिकटतं. जातीवरून किंवा रंगावरून कोणी नाव पाडत असेल तर ती मस्करी नाही, ते तिथेच थांबवायचं, आणि थांबलं नाही तर उस्तादाला सांगायचं.

युद्धघोषणा कुठेही ओरडायची गोष्ट नाही. हल्ल्याच्या शेवटच्या टप्प्यात, ट्रेनिंगच्या शेवटी होणाऱ्या कसम परेडनंतर, रेजिमेंटच्या कार्यक्रमात तिचं स्थान आहे. गावच्या लग्नाच्या वरातीत नाही.

समुद्राकडे गेलेले

काही पोरं नेव्हीत निवडली जातात आणि ओडिशातल्या आयएनएस चिल्काला जातात. धरणापेक्षा मोठं पाणी न बघितलेल्या आपल्या पोरांना तिथे आणखी एक बोली शिकावी लागते. जमिनीवरच्या इमारतीतही फरशीला "डेक", स्वयंपाकघराला "गॅली", संडासाला "हेड्स", बाहेर जायच्या सुटीला "लिबर्टी". जहाजाची डावी बाजू पोर्ट, तिचा दिवा लाल. उजवी स्टारबोर्ड, तिचा दिवा हिरवा. विषुववृत्त पहिल्यांदा ओलांडणाऱ्याला समुद्राच्या राजाचं सोंग घेतलेल्यासमोर हजर करतात, रंग-चिखल फासतात, आणि मग तो जुन्यांच्यात बसतो.

अमेरिकेसारखं वेगळं मरीन दल आपल्याकडे नाही. तिथल्या मरीनांना "लेदरनेक" म्हणतात ते त्यांच्या जुन्या गणवेशातल्या चामड्याच्या कॉलरवरून. आपल्याकडे जवळचे म्हणजे नेव्हीचे मार्कोस, १९८७ मध्ये उभे राहिलेले मरीन कमांडो. काश्मिरात दाढी राखून काम केल्याने लोक त्यांना "दाढीवाला फौज" म्हणू लागले. "मगरमच्छ" हेही त्यांचंच नाव. तिथे थेट भरती होत नाही. आधी नेव्हीत जायचं, मग स्वतः होऊन नाव द्यायचं, आणि नाव देणाऱ्यातले बहुतेक गळतात.

सुटी आणि पत्ता

ट्रेनिंगच्या शेवटी कसम परेड असते. धर्मग्रंथ किंवा निशाणासमोर शपथ होते, रंगरूट जवान होतो. काही सेंटर त्या दिवशी आई-वडिलांना गौरव पदक देतात. जमेल तसं जा. कापूस वेचणीचे दिवस असले तरी एक दिवस काढा. ओळखपत्र सोबत ठेवा, गेटवर ते लागतं.

सुटीचा कागद नीट वाचावा. नियमित जवानाला वर्षाला ६० दिवसांची सालाना छुट्टी आणि ३० दिवसांची सीएल (किरकोळ रजा) असते, अग्निवीराला वर्षाला ३० दिवस. परत जायच्या तारखेला गेटच्या आत असायला हवं, नागपूर स्टेशनवर नाही. उशीर झाला तर "ओएसएल", म्हणजे सुटीपेक्षा जास्त थांबला, आणि त्याची पेशी होते. पुरात रस्ता बंद झाला, घरात कोणी वारलं तर सुटी संपण्याआधी युनिटला फोन करून मुदत वाढवून घ्यायची. संपल्यानंतर दिलेली कारणं खरी असली तरी कमी पडतात. सुटीत आजारी पडला तर गावातल्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर विसंबू नका. जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला हजर व्हा. आपल्यासाठी ते कामठीला आहे. हलताच येत नसेल तर युनिटला त्याच दिवशी कळवा आणि सरकारी दवाखान्याचे कागद जपून ठेवा.

पोस्टिंग झाली की पोरगा "पीस"ला म्हणजे शांत ठिकाणी आहे की "फील्ड"ला म्हणजे सीमेकडच्या भागात, हे सांगेल, गाव सांगणार नाही. विचारू नका, आणि त्याने पाठवलेला डोंगराचा फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकू नका. पत्र किंवा राखी पाठवायची असेल तर पत्ता असा लिहायचा: आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, कंपनी, युनिटचं नाव, द्वारा ५६ एपीओ किंवा द्वारा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मीचं पोस्ट ऑफिस), आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन. खाली राज्य किंवा जिल्हा लिहायचा नाही. लिहिलं तर ते पाकीट साध्या टपालात शिरतं, त्या राज्यात फिरत राहतं आणि राखी दिवाळीला पोचते.